आधी पाहणाऱ्याचे कर्तव्य

कथेचा शेवट नेमका कोणाच्या मालकीचा, हा प्रश्न वरवर पाहता क्षुल्लक वाटेल. परंतु ज्या कुटुंबातील मुलगा दुबईत, आई अश्दोदला आणि मावशी ठाण्यास राहते, त्या कुटुंबात तो वरचेवर उद्भवतो व त्यावरून रुसवेफुगवेही होतात. समोरच्याने चित्रपट वा मालिका पाहण्यापूर्वीच तिचे रहस्य त्याला सांगून टाकणे, यास हल्ली 'स्पॉयलर' म्हणतात. आपण त्यास रहस्यभेद म्हणू. या बाबतीत काही शिष्टाचार असावा किंवा नाही, आणि असल्यास तो पाळण्याचा पहिला भार कोणावर, याचा विचार येथे करावयाचा आहे.

आमच्या मते हा पहिला भार अमिरातीत राहणाऱ्या आपणा मंडळींवर पडतो. कारण साधे आहे. भारतात नवा चित्रपट बहुधा शुक्रवारी लागतो, अमिरातीत तो गुरुवारीच लागतो. २००६ पासून २०२१ अखेरपर्यंत येथे शुक्रवार व शनिवार अशी साप्ताहिक सुटी होती. साहजिकच गुरुवारची संध्याकाळ ही करमणुकीची वेळ ठरली. १ जानेवारी २०२२ पासून सरकारी सुटी शनिवार-रविवारवर गेली व शुक्रवार अर्ध्या दिवसाचा झाला, तरी गुरुवारचा प्रघात बव्हंशी टिकून आहे. त्यामुळे मुंबईच्या प्रेक्षकाने तिकीट काढण्यापूर्वीच बर दुबईचा किंवा शारजाचा प्रेक्षक चित्रपट पाहून घरी परतलेला असतो. आपले घड्याळ भारताच्या दीड तास मागे आहे, परंतु चित्रपटाच्या बाबतीत आपण एक दिवस पुढे असतो. हा मान योगायोगाने मिळालेला आहे, पराक्रमाने नव्हे. तरीही तो मिरविण्याचा मोह अनेकांना आवरत नाही. मध्यंतर होताच पहिला संदेश निघतो आणि मध्यरात्रीपर्यंत शेवटासह संपूर्ण सारांश नातेवाईकांच्या फोनवर जाऊन पडतो. काही महाभाग तर अंधारात पडद्याचेच चित्रीकरण करून ते पाठवितात. हे असभ्य तर आहेच, शिवाय येथील कायद्याने गुन्हाही आहे.

अमिरातीतील सर्वांत बोलके उदाहरण 'दृश्यम' या चित्रपटाचे. मूळ मल्याळम चित्रपट डिसेंबर २०१३ मध्ये केरळात प्रदर्शित झाला आणि पुढे अमिरातीत तो सव्वाशे दिवस चालला. त्याची हिंदी आवृत्ती आली ती ३१ जुलै २०१५ रोजी. येथील भारतीयांत केरळीयांची संख्या सर्वांत मोठी. म्हणजे सुमारे दीड वर्ष येथील अनेक कचेऱ्यांत ते गुपित ठाऊक असलेला एखादा सहकारी मराठी माणसाच्या शेजारच्याच टेबलावर बसत होता. ज्यांच्या शेजाऱ्याने मौन पाळले, त्यांना हिंदी चित्रपटाचा पूर्ण आनंद लाभला. ज्यांना जेवणाच्या सुटीत डबा खाता खाता सारे कळले, त्यांनी तोच चित्रपट निव्वळ पडताळा घेण्यासाठी पाहिला. तिकीट तेच आणि पडदाही तोच, परंतु पदरात पडले ते निराळे.

हा प्रकार आजचा नव्हे. आपल्यातील वडीलधाऱ्यांना राजा परांजपे यांचा 'पाठलाग' आठवत असेल. तो १९६४ साली आला. त्यावरून राज खोसला यांनी हिंदीत काढलेला 'मेरा साया' १९६६ साली आला. मधली दोन वर्षे मराठी प्रेक्षकाच्या हाती हिंदी प्रेक्षकाचे गुपित होते. लंडनमध्ये १९५२ साली सुरू झालेल्या अगाथा ख्रिस्ती यांच्या 'द माउसट्रॅप' या नाटकात, खेळ संपल्यावर नट रंगमंचावरून प्रेक्षकांना विनंती करतो की, खुनी कोण हे बाहेर सांगू नका. २०१९ साली 'अ‍ॅव्हेंजर्स : एंडगेम' प्रदर्शित होण्यापूर्वी त्याचे दिग्दर्शक रूसो बंधू यांनी जाहीर पत्र लिहून हीच विनंती केली. प्रस्तुत लेखातही आम्ही यांपैकी एकाचाही शेवट सांगितलेला नाही, हे सुज्ञ वाचकांच्या ध्यानी आले असेलच.

यावर दोन आक्षेप घेतले जातात व ते दोन्ही विचारात घेण्याजोगे आहेत. पहिला आक्षेप आपल्याच परंपरेतून येतो. १८८० च्या सुमारास आपल्या ज्ञातीत मराठी कीर्तने होऊ लागली. योसेफाला भावांनी विकले व पुढे तोच मिसर देशाचा अधिकारी झाला, हे श्रोत्यांतील लहान मुलालाही ठाऊक असे. तरीही रात्र सरेपर्यंत मंडळी बसून राहत. मग शेवट कळल्याने रस जातो असे कसे म्हणावे? दुसरा आक्षेप संशोधनाचा आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो येथील दोन मानसशास्त्रज्ञांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, ज्यांना लघुकथांचा शेवट आधी सांगितला होता त्या वाचकांना त्या कथा उलट अधिक आवडल्या.

आम्हाला हे दोन्ही मुद्दे मान्य आहेत. परंतु त्यांवरून निघणारा निष्कर्ष मान्य नाही. कीर्तनाचा श्रोता कथा जाणूनच येतो. तेथे रस निवेदनात, पदांत व निरूपणात असतो. रहस्यकथेचा लेखक मात्र कोणती गोष्ट केव्हा उघड करावयाची यावरच आपली निम्मी मेहनत खर्च करतो. भारताचा पहिला बोलपट 'आलम आरा' (१९३१) ज्या नाटकावरून निघाला, त्याचे लेखक जोसेफ डेव्हिड आपल्याच ज्ञातीचे होते. कथा रचणाऱ्याच्या श्रमांची जाणीव आपणास तरी असावयास हवी. प्रयोगाविषयी म्हणाल, तर शेवट कळूनही कथा आवडू शकते एवढेच त्यावरून दिसते. दुसऱ्याच्या वतीने तो निर्णय घेण्याचा अधिकार त्यातून कोणालाही मिळत नाही. चित्रपट दुसऱ्यांदा केव्हाही पाहता येतो, पहिल्यांदा मात्र एकदाच. एखाद्या वृद्ध आजीला धास्ती सोसवत नसेल व तिने आपणहून विचारले, "बाळा, शेवटी मुलगी वाचते ना?" तर तिला अवश्य सांगावे. मागितल्यावर सांगणे ही माया, न मागता सांगणे ही आगळीक.

या प्रश्नाला आपल्या कुटुंबांत आणखी एक बाजू आहे. अमिरात आणि इस्रायल यांच्यात थेट दूरध्वनी ऑगस्ट २०२० मध्ये सुरू झाला. त्या फोनवर आपण दर वेळी काय बोलतो? प्रकृती, पगार, हवामान, आणि मग मालिका व चित्रपट. भारतात रात्री साडेआठला लागणारी मालिका सुरू होते तेव्हा अमिरातीत सायंकाळचे सात वाजलेले असतात, इस्रायलमध्ये उन्हाळ्यात सहा व हिवाळ्यात पाच. आई त्या वेळी टीव्हीसमोर बसलेली असते, तर मुलगा दुबईहून शारजाला जाणाऱ्या वाहनांच्या रांगेत अडकलेला. त्यातच शब्बाथ पाळणारे घर शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या रात्रीपर्यंत फोन बाजूला ठेवते. ते आपल्या धर्माचे पालन करीत असताना त्यांच्या नकळत गुपितांचा ढीग साचतो व शनिवारी रात्री फोन हाती घेताच अंगावर कोसळतो. शेवट आधीच सांगून टाकला की बोलण्यासारखे काही उरत नाही. तो राखून ठेवला, तर दोघांनी पाहून झाल्यावर पुढचा फोन तासभर चालतो.

मात्र हा शिष्टाचार जुलमी होऊ नये. सामन्याचा निकाल ही बातमी होय. शारजाच्या मैदानावर १८ एप्रिल १९८६ रोजी मियाँदादने अखेरच्या चेंडूवर मारलेला षटकार कोणी कोणापासून लपवावा? कथेचा शेवट बातमी नसतो, म्हणून त्याला निराळा नियम. तसेच ज्याने महिनोन्‌महिने चित्रपट पाहिला नाही, त्याने साऱ्या गोतावळ्याचे तोंड बंद ठेवण्याचा हट्ट धरू नये.

म्हणून आमची सूचना एवढीच. पाहून आलेल्याने प्रथम "पाहिलंस का?" असे विचारावे व उत्तर नकारार्थी आल्यास "चांगला आहे, जरूर पाहा," एवढ्यावर थांबावे. अनेकांच्या सामाईक गटावर पहिले दोन आठवडे कथेविषयी काही लिहू नये. एकाला सांगावयाचे असल्यास त्याला एकट्याला फोन करावा. न पाहिलेल्यानेही आपण पाहिले नसल्याचे आधीच सांगावे व दोन आठवड्यांनंतर तक्रार करू नये. गुरुवारी मिळालेले गुपित ही अमिरातकरांकडे आलेली ठेव आहे. ठेव जशीच्या तशी परत करणारा माणूस विश्वासू ठरतो, आणि परदेशी राहणाऱ्या माणसाला विश्वासू म्हणवून घेण्यासारखी दुसरी कमाई नाही.