सोयाबीनला म्हण कोठे आहे?

आमच्या संग्रामपुराकडे दिवाळी आणि सोयाबीन बरोबरच येतात. सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या या तालुक्यात जून-जुलैत पेरलेले सोयाबीन दसरा-दिवाळीच्या सुमारास निघते, पोत्यांत भरले जाते आणि खामगावसारख्या बाजाराकडे रवाना होते. त्याच्या पैशात मुलांचे कपडे येतात, फराळाचे सामान येते, जमले तर सोसायटीच्या कर्जाचा हप्ताही भागतो. घरात सारे काही येते. ताटात येत नाही ते फक्त सोयाबीन!

मी मराठीचा प्राध्यापक. पिकांतले मला कळते ते भाषेपुरते. पण घरात काय शिजते, हे भाषाच सांगून जाते. हरभऱ्याच्या झाडावर आपण एकमेकांना चढवतो. तुरी अजून बाजारात असतात, तोच भट भटणीशी भांडतो. उडदातले काळे-गोरे निवडण्यात आपल्या कित्येक पिढ्या गेल्या. सोयाबीनच्या वाट्याला मात्र अशी एकही म्हण आलेली नाही. ज्या दाण्याने शेत व्यापले, त्याला स्वयंपाकघराचा उंबरा काही ओलांडता आला नाही!

वास्तविक, वर्ध्याच्या मगनवाडीत गांधीजींनी १९३५ साली सोयाबीन जेवणात घेऊन पाहिले होते आणि ‘हरिजन’मधून त्याविषयी लिहिलेही होते. पुढल्याच वर्षी बडोदा संस्थानातून एफ. एस. काळे यांचे सोयाबीनवरचे इंग्रजी पुस्तक निघाले. विदर्भात हे पीक पसरले ते त्यानंतर कितीतरी वर्षांनी, आणि तेही तेल गाळण्यासाठी. उरलेली पेंड जाते कोंबड्यांच्या खाद्यात. म्हणजे दाण्यातली ताकद कोंबड्यांना आधी पोचली, माणसे मागेच राहिली.

ही ताकद केवढी, ते गृहिणींनीच पाहावे. शंभर ग्रॅम तुरीच्या डाळीत सुमारे २२ ग्रॅम प्रथिने असतात. तेवढ्याच सोयाबीनमध्ये ३६ ते ४०. आणि २०२५-२६ च्या हंगामाचा सरकारी हमीभाव पाहिला, तर तुरीला क्विंटलमागे ८,००० रुपये आणि सोयाबीनला ५,३२८! शिवाय ज्वारी-गव्हात जे लायसिन कमी पडते ते सोयाबीन पुरवते, आणि सोयाबीनमधली मेथिओनिनची उणीव धान्य भरून काढते. एकमेकांचे उणे झाकणारा असा संसार माणसांतही विरळा.

मात्र कोणी याला अमृत म्हणू लागले, तर सावध राहावे. रोज २५ ग्रॅम सोया-प्रथिने घेतल्याने हृदयविकाराचा धोका कमी होऊ शकतो, असे वेष्टनावर छापण्याची मुभा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९९ साली दिली. २०१७ साली त्याच खात्याने ती मागे घेण्याचा प्रस्ताव मांडला, कारण मधल्या काळातले पुरावे एकसारखे निघाले नाहीत. रक्तातले वाईट कोलेस्टेरॉल याने उतरते, पण थोडेसेच. तेव्हा सोयाबीन हे औषध नव्हे, अन्न आहे. आणि चांगले अन्न असणे ही काही लहान गोष्ट नाही.

हा दाणा कच्चा मात्र खाऊ नये. त्यात प्रथिनांच्या पचनाला अडथळा करणारे द्रव्य असते, ते उष्णतेने निकामी होते. म्हणून उसळीसाठी रात्रभर भिजवून, पाणी ओतून देऊन कुकरमध्ये मऊ शिजवावे. दळणासाठी अर्धा तास उकळत्या पाण्यात ठेवून, खडखडीत वाळवून, नऊ भाग ज्वारीत एक भाग घालावे. भाकरीची चव फारशी बदलत नाही, प्रथिने मात्र शंभरात दहाची तेरा होतात. थायरॉइडची गोळी घेणाऱ्यांनी गोळी आणि सोयाबीन यांत काही तासांचे अंतर ठेवावे. आमच्या या खारपाणपट्ट्यात मूत्रपिंडाचे दुखणे अनेकांच्या घरी आहे; अशा रोग्याने प्रथिने किती खावीत, हे डॉक्टरांनाच विचारावे.

बाकी आपण सर्वांनी फराळ उरकला की दळणाच्या डब्यात मूठभर सोयाबीन पडू द्यावे. म्हण काय, मागाहून येईल!