तडा गेलेल्या चकतीला मुदतवाढ कसली?

धाराशिवला धावपट्टी आहे, नियमित प्रवासी विमान नाही. मग इंजिनांची उठाठेव तुम्हाला कशाला, असे मुंबई-दिल्लीचे शहाणे विचारतील. विचारू देत! आमची पोरे पुण्याहून, हैदराबादहून विमानात बसतात. पदरचे पैसे मोजून बसतात, कोणाच्या मेहेरबानीवर नव्हे.

12 ऑक्टोबर 1976. इंडियन एअरलाइन्सचे कॅरव्हेल सांताक्रूझहून मद्रासला निघाले आणि उडताच उजवे इंजिन फुटले. हवा दाबणाऱ्या कॉम्प्रेसरच्या दहाव्या टप्प्यातली चकती थकव्याने चिरली होती. तिचे तुकडे इंजिनाचे कवच फोडून बाहेर पडले, इंधनाची नळी कापली गेली, आग भडकली. विमान माघारी वळले. धावपट्टी गाठण्याआधीच त्याचा ताबा सुटला. 95 च्या 95 माणसे गेली!

कुंपणाची तार पुन्हा पुन्हा वाकवली की तुटते, हे आमच्या गुराख्याच्या पोरालाही कळते. धातू असाच थकतो. तडा आधी केसाएवढा असतो आणि शोधणाऱ्याला सापडतो. न शोधणाऱ्याला प्रेते सापडतात.

मग शिकलो काय? ऑक्टोबर 2019 मध्ये इंडिगोच्या ए-320 निओ विमानांची प्रॅट अँड व्हिटनी इंजिने हवेत एकामागून एक बंद पडू लागली. टर्बाइनची पाती दगा देत होती. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने दरडावले, 31 जानेवारी 2020 पर्यंत इंजिने बदला, नाहीतर विमाने जमिनीवर. शाबास! पण जानेवारी सरायच्या आतच तारीख 31 मे झाली, पुढे 31 ऑगस्ट. दुसऱ्या खेपेला टाळेबंदी होती, ते सोडून देऊ. पहिल्या खेपेला तोही आडोसा नव्हता! दरम्यान प्रवासी उडतच होते, कुठे कुठे पंखाखाली जुनेच इंजिन घेऊन.

2023 साली तर प्रॅट अँड व्हिटनीनेच कबुली दिली, चकत्या ज्या धातूच्या भुकटीपासून घडवल्या तिच्यातच खोट आहे, तडे जाऊ शकतात. पुन्हा चकतीच! तेव्हा कुठे डझनावारी विमाने उभी राहिली. तिकिटे महागली म्हणून कोणी कुरकुरले तर कुरकुरू दे.

महासंचालनालयाला आमचा सवाल एवढाच: त्या चकत्यांपैकी भारतात किती तपासल्या, किती बदलल्या, किती अजून फिरताहेत? विमानांच्या नोंदणी क्रमांकांसह यादी जाहीर करा. आणि मुदतवाढीच्या प्रत्येक कागदावर सही कोणाची होती, तेही खाली ठसठशीत अक्षरांत छापा!