सेऊलच्या पायऱ्या



गेल्या महिन्यात आमच्या धर्मग्रामातील युवक मंडळाचे चार तरुण मजकडे आले आणि एक कोरियन बोलपट सभागृहात दाखविण्याची त्यांनी परवानगी मागितली. बोलपटाचे नाव ‘पॅरासाइट’. आपण मराठीत ज्यास बांडगूळ म्हणतो, तोच अर्थ. दुसऱ्याच दिवशी दोन वडीलधारे गृहस्थ आले. त्यांचे म्हणणे असे की, ज्या चित्रात गरीब माणसे लबाडी करून श्रीमंताच्या घरात शिरतात आणि शेवटी रक्तपात होतो, त्यापासून मुलांनी काय घ्यावयाचे? दोन्ही पक्षांस मी एकच उत्तर दिले : आधी मी स्वतः पाहतो. आमच्या घरोघरच्या मुली कोरियन मालिका पाहतात, त्यांची गाणी गुणगुणतात, हे मला ठाऊक होते. मी मात्र त्या वाटेस कधी गेलो नव्हतो. एक पाहिला, आणि मग राहवेना म्हणून आणखी तीन पाहिले. चारही सेऊल शहराचे आहेत.

हे शहर १९५० व १९५१ या दोन वर्षांत चार वेळा एका सैन्याच्या हातून दुसऱ्याच्या हाती गेले. युद्ध थांबले तेव्हा ते जवळजवळ ढिगारा होते. १९६० साली तेथे सुमारे २४ लाख माणसे होती आणि १९८८ पर्यंत ती एक कोटीवर गेली. एवढी माणसे एका पिढीत आली, ती राहिली कोठे? कोणी डोंगराच्या उतारावर, कोणी जमिनीच्या पोटात, कोणी दहाव्या मजल्यावर. मला वाटते, त्यांच्या बोलपटांचा खरा विषय हाच आहे.

या चारांतील सर्वांत जुना ‘ओबाल्तान’, म्हणजे नेम चुकलेली, भरकटलेली गोळी. यू ह्यून-मोक या दिग्दर्शकाने तो १९६१ साली काढला. नामसान डोंगराच्या पायथ्याशी हेबांगचोन नावाची वस्ती आहे. नावाचा अर्थ ‘मुक्तिग्राम’. वस्ती उत्तरेकडून पळून आलेल्या निर्वासितांची. तेथे एका खोपटात चोल-हो नावाचा कारकून राहतो. त्याची दाढ दुखते आहे आणि दाढ काढण्यास लागणारे पैसे तो स्वतःवर खर्च करीत नाही. बायको गरोदर आहे, युद्धातून परतलेला भाऊ बेकार आहे, बहीण अमेरिकन शिपायांच्या मागे जाते, लहान मुलगी नव्या बुटांसाठी हट्ट धरून बसली आहे. कोपऱ्यात वेड लागलेली म्हातारी आई अंथरुणावरून एकच शब्द ओरडते : ‘चला!’ कोठे जावयाचे, ते ती सांगत नाही. भाऊ बँकेवर दरोडा घालून पकडला जातो. बायको बाळंतपणात दगावते. तेव्हा चोल-हो जाऊन दाढ काढवून घेतो, एक नव्हे, दोन. रक्ताने तोंड भरलेले, अशा स्थितीत टॅक्सीत बसून तो प्रथम घर सांगतो, मग इस्पितळ सांगतो, मग पोलीस ठाणे. ‘हा माणूस म्हणजे भरकटलेली गोळी,’ असे टॅक्सीवाला म्हणतो. बोलपटाचे नाव तेथून आले.

चित्र लागले त्या वर्षीच लष्कराने सत्ता घेतली आणि त्याचे प्रदर्शन बंद पाडले. म्हातारीचे ‘चला’ म्हणजे उत्तरेकडे, साम्यवाद्यांकडे चला, असा अर्थ अधिकाऱ्यांनी काढला. वेड्या बाईच्या एका शब्दाचे राज्यकर्त्यांस एवढे भय वाटावे! पुढे १९६३ साली ते सॅन फ्रान्सिस्कोच्या महोत्सवात गेले. दाढदुखीसारखी क्षुल्लक गोष्ट घेऊन एका कुटुंबाचे सारे दैन्य सांगणारी अशी कथा मी अलीकडे पाहिलेली नाही.

आता ‘पॅरासाइट’. बोंग जून-हो यांचा हा बोलपट २०१९ चा. त्यास कान महोत्सवाचे सर्वोच्च पारितोषिक मिळाले आणि पुढल्या वर्षी चार ऑस्कर मिळाले; इंग्रजी नसलेल्या चित्रास सर्वोत्कृष्ट चित्राचा मान तेव्हा प्रथमच मिळाला. यातील किम कुटुंब ‘बानजिहा’त राहते. बानजिहा म्हणजे अर्धे तळघर. खिडकी छताशी, आणि खिडकीच्या पलीकडे रस्त्यावरून जाणाऱ्यांचे पाय. या तळघरांचा इतिहास ऐकण्यासारखा आहे. १९६८ साली उत्तर कोरियाच्या सैनिकांची एक टोळी सेऊलमध्ये राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानाजवळ येऊन ठेपली होती. त्यानंतर १९७० च्या बांधकाम कायद्याने नव्या घरांखाली तळघरे असावीत असे ठरविले, संकटकाळी आसरा मिळावा म्हणून. तेथे भाडेकरू ठेवण्यास मनाई होती. पण शहर फुगले, घरे पुरेनात, तेव्हा १९८० च्या दशकात तीही मनाई उठली. बॉम्बपासून लपण्याची जागा गरिबांचे कायमचे घर झाली.

या कुटुंबातील मुलगा खोट्या प्रमाणपत्राच्या बळावर एका धनिकाच्या मुलीचा शिक्षक होतो. मग बहीण, बाप, आई, सर्वांचा एकेक करून त्या बंगल्यात प्रवेश होतो, आणि आधीच्या नोकरांची भाकरी जाते. आमचे दोन गृहस्थ म्हणतात ते खरे आहे. ही लबाडीच आहे, आणि दिग्दर्शक तिला लबाडीच म्हणतो. परंतु त्याच बंगल्याखालच्या तळघरात, याहून खाली, आणखी एक माणूस वर्षानुवर्षे लपून राहिलेला निघतो, तेव्हा एक गरीब दुसऱ्याशी कसा वागतो ते पाहावे. मालक वर निजलेला असतो.

एका रात्री मुसळधार पाऊस येतो. बाप, मुलगा व मुलगी बंगल्यातून पळतात आणि पायऱ्या उतरतात. उतरतात, उतरतात, बोगद्यातून, पुलाखालून. पाणीही त्यांच्याबरोबर खालीच धावत असते. घरी पोहोचतात तो गळ्याएवढे पाणी, आणि शौचकूपातून उलटी उसळणारी घाण. रात्र व्यायामशाळेच्या जमिनीवर निघते. दुसऱ्या दिवशी मालकीण मोटारीत बसून मैत्रिणीस सांगते की, पाऊस झाला हे बरे झाले, आभाळ कसे स्वच्छ झाले! मोटार चालविणारा ते ऐकत असतो. ती नाक मुरडून काच खाली करते, कारण त्याच्या अंगास वास येतो. शेवटी मालक जेव्हा एका मरणाऱ्या माणसाखालची किल्ली काढताना नाक धरतो, तेव्हा त्या चालकाच्या हातून खून होतो.

येथे मी चित्र थांबविले. वाचकहो, ते का थांबविले हे सांगणे भाग आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये आमच्या बेळगावकडे जो पूर आला, तो तुमच्यापैकी अनेकांस आठवत असेल. रस्त्याच्या पातळीखाली असलेल्या एका घरी, पाणी ओसरल्यावर, मी समाचारास गेलो होतो. त्या घरची बाई शिवणकाम करते. तिचे शिवणयंत्र गाळाने भरले होते आणि धान्य कुजले होते. तिने बाज पुसून ‘बसा, फादर’ म्हटले. मी बसलो नाही. ‘अजून चार घरे आहेत’ असे म्हणून उभ्याउभ्या प्रार्थना केली आणि खिशातला रुमाल काढून नाकाशी धरला. सर्दी आहे असे दाखविले. सर्दी नव्हती. तिला ते कळले असेल की नाही, याचा विचारही तेव्हा माझ्या मनात आला नाही.

पॅरासाइटमधील पूर स्टुडिओतला आहे, खास बांधलेल्या गल्लीतला. पण ८ ऑगस्ट २०२२ च्या रात्री सेऊलमध्ये खराच पाऊस कोसळला, आणि एका बानजिहात दोन बहिणी आणि एकीची तेरा वर्षांची मुलगी बुडून मेल्या. पाण्याच्या दाबाने दार उघडले नाही. त्यानंतर अशी घरे क्रमाक्रमाने बंद करण्याचे नगरपालिकेने जाहीर केले.

तिसऱ्या चित्राविषयी थोडक्यात. ‘१९८७’ हे त्याचे नाव, काढले २०१७ साली. पार्क जोंग-चोल हा विद्यार्थी त्या वर्षी जानेवारीत पोलिसांच्या छळाने मरण पावला, आणि मेजावर हात आपटल्याच्या धसक्याने तो मेला असे पोलिसांनी सांगितले. खरे गुन्हेगार लपविले जात आहेत हे १८ मे रोजी म्योंगदोंगच्या कॅथेड्रलमधून धर्मगुरूंनी उघड केले. तुरुंगातून ती बातमी बाहेर आणणाऱ्या पहारेकऱ्याची भीती चित्रात फार चांगली दाखविली आहे. कॅथेड्रलचे महत्त्व आपल्यास अधिक वाटणे साहजिक आहे. मला मात्र तो पहारेकरी अधिक लक्षात राहिला.

चौथे, ‘हाउस ऑफ हमिंगबर्ड’, किम बो-रा या दिग्दर्शिकेचे, २०१८ चे. काळ १९९४ चा. चौदा वर्षांची उन-ही सारख्याच दिसणाऱ्या घरांच्या एका उंच इमारतीत राहते. आरंभीच ती दार ठोठावते, आईला हाका मारते, रडकुंडीस येते. आणि मग कळते की मजला चुकला आहे. आईबाप भाताच्या वड्यांच्या दुकानात राबतात, भाऊ तिला मारतो, घरात सर्वांना हे ठाऊक असते. तिचे बोलणे ऐकून घेणारी एकच शिक्षिका भेटते. ती मुलांस विचारते की, ओळखीच्या चेहऱ्यांपैकी किती जणांचे मन तुम्हांस ठाऊक आहे. त्या वर्षी २१ ऑक्टोबरच्या सकाळी हान नदीवरील सोंगसू पूल मधोमध तुटून पडला. त्यात बत्तीस माणसे गेली. शाळेस निघालेल्या मुलीही होत्या. पूल बांधून पुरती पंधरा वर्षे झाली होती. शिक्षिकेचे काय होते ते मी सांगत नाही, कारण हे चित्र आम्ही दाखविणार आहोत.

निर्णय असा : येत्या महिन्याच्या पहिल्या शनिवारी सायंकाळी ‘हाउस ऑफ हमिंगबर्ड’, मुलांनी आईबापांसह यावे. पुढल्या शनिवारी ‘पॅरासाइट’, फक्त प्रौढांसाठी. त्या दोन गृहस्थांनाही मी आग्रहाने बोलावले आहे आणि नंतरच्या चर्चेत त्यांनी पहिले बोलावे असे सुचविले आहे.

आमंत्रण द्यावयास मी त्या शिवणकाम करणाऱ्या बाईंकडेही गेलो. या वेळी बाजेवर बसलो, चहा घेतला. रुमालाची गोष्ट काढली, तर त्या म्हणाल्या, ‘जाऊ द्या फादर, त्या दिवशी आम्हीच नाकाला पदर लावून होतो.’ हे खरे की माझ्यासाठी म्हटले, ते मला कळले नाही. मी त्यांना चित्रातील पुराची हकिकत सांगितली. त्या शिवण थांबवून ऐकत होत्या. सारे ऐकून झाल्यावर त्यांनी एवढेच विचारले, ‘त्यांचं सामान किती वाचलं?’

मी आठवून सांगितले, ‘बापाने बायकोचे जुने पदक उचलले. आणि मुलाने एक दगड. मित्राने दिला होता, भाग्य आणतो म्हणून.’

‘दगड?’ त्या म्हणाल्या. ‘पाण्यातून काढून दगड कशाला नेला?’ आणि हसत हसत त्यांनी पुन्हा यंत्रावर पाय ठेवला.