चार दिवसांत नदी गायब! कॅनडातल्या स्लिम्स नदीचं पाणी नेमकं कोणी पळवलं?

२०१६ च्या ऑगस्ट महिन्यात शास्त्रज्ञांची एक टीम कॅनडाच्या वायव्य टोकाला, युकॉन प्रांतात पोहोचली. स्लिम्स नदीचा अभ्यास करायचा, हा त्यांचा बेत होता. तिथं पोहोचल्यावर कळलं की अभ्यास करायला नदीच उरलेली नाही. काही ठिकाणी दीडशे मीटरपर्यंत रुंद वाहणाऱ्या नदीच्या जागी चिखल, डबकी आणि उडणारी धूळ होती.

नोंदी तपासल्या तेव्हा लक्षात आलं की मे २०१६ च्या शेवटच्या आठवड्यात, अवघ्या चार दिवसांत नदीचं पाणी आटलं होतं. ना तिथं धरण बांधलं होतं, ना दुष्काळ पडला होता. मग पाणी गेलं कुठं?

एक हिमनदी, दोन नद्या

हा सगळा भाग सेंट इलायस पर्वतरांगेचा. कॅनडातलं सर्वात उंच शिखर, ५,९५९ मीटर उंचीचं माउंट लोगन, याच रांगेत आहे. इथल्या बर्फाच्या पसाऱ्यातून कास्कावल्श नावाची मोठी हिमनदी खाली उतरते. तिचं टोक बरोबर दोन खोऱ्यांच्या मधल्या उंचवट्यावर टेकलेलं होतं.

त्यामुळे वितळलेलं पाणी दोन बाजूंना वाटलं जायचं. एक वाट उत्तरेकडची. स्लिम्स नदीतून हे पाणी क्लुआनी तळ्यात, तिथून पुढे युकॉन नदीत आणि शेवटी बेरिंग समुद्रात जायचं. दुसरी वाट दक्षिणेकडची. कास्कावल्श नदीतून आल्सेक नदीत आणि तिथून अलास्काच्या आखातात, म्हणजे पॅसिफिक महासागरात. दुसरी वाट जवळची होती आणि तिला उतारही जास्त होता.

गोदावरी, कृष्णा, भीमा या आपल्या नद्या पावसावर चालतात. हिमनदीवर जगणाऱ्या नदीचं तसं नसतं. बर्फाचं टोक कुठं आहे, यावर तिचं पाणी कोणत्या दिशेला जाणार हे ठरतं.

मग घडलं काय?

१९५६ ते २००७ या काळात कास्कावल्श हिमनदीचं टोक ६०० ते ७०० मीटर मागे सरकलं होतं. पुढेही ते वितळतच राहिलं. टोकापाशी दोन्ही बाजूंना पाण्याची तळी साचली होती आणि त्यांच्या मध्ये बर्फाची भिंत होती.

२०१६ च्या उन्हाळ्याच्या सुरुवातीला बर्फ भराभर वितळला. पाण्यानं त्या भिंतीतून सुमारे ३० मीटर खोल घळ कोरली आणि स्लिम्सकडचं पाणी दक्षिणेकडच्या तळ्यात उतरू लागलं. एकदा वाट मिळाल्यावर ते मागं वळलं नाही. आता स्लिम्सला उरलंय ते फक्त पावसाचं आणि छोट्या ओढ्यांचं पाणी.

भूगोलात याला 'नदीचौर्य' म्हणतात. एक नदी दुसरीचं पाणी आपल्याकडे ओढून घेते. एरवी या गोष्टीला हजारो, कधी लाखो वर्षं लागतात. इथं ते माणसांच्या डोळ्यांदेखत झालं. आधुनिक काळात अशी घटना नोंदली जाण्याची ही पहिलीच वेळ असल्याचं या शास्त्रज्ञांचं म्हणणं आहे. डॅनियल शुगर यांच्या नेतृत्वाखालचं हे संशोधन एप्रिल २०१७ मध्ये 'नेचर जिओसायन्स' या नियतकालिकात आलं.

हे नैसर्गिक नाही का?

हा प्रश्न विचारला जातो आणि तो रास्तही आहे. कारण इथलं पाणी याआधीही फिरलंय. सुमारे ३०० ते ४०० वर्षांपूर्वी क्लुआनी तळ्याचं पाणी दक्षिणेकडेच जायचं. पुढे थंडीच्या काळात हिमनदी वाढली, तिनं ती वाट बुजवली आणि पाणी उत्तरेकडे वळलं. म्हणजे स्लिम्स ही मुळात हिमनदी वाढल्यामुळे जन्मलेली नदी.

पण यावेळी हिमनदी मागं का सरकली, याचं उत्तर वेगळं आहे. हवामान बदल नसता तर केवळ नैसर्गिक चढउतारांमुळे ही हिमनदी इतकी मागं सरकण्याची शक्यता अर्ध्या टक्क्याच्या आसपास आहे, असं या संशोधनात म्हटलंय. हिमनदी पुन्हा पुढं आली तरच जुनी नदी परतेल आणि सध्या तशी चिन्हं नाहीत.

फटका कोणाला?

क्लुआनी तळं सुमारे ४०० चौरस किलोमीटरचं आहे. त्याला येणाऱ्या पाण्याचा सर्वात मोठा स्रोतच तुटला. तळ्याची पातळी घसरली, काठ मागं सरकला. बर्वॉश लँडिंग आणि डिस्ट्रक्शन बे या काठावरच्या वस्त्यांमध्ये बोटी पाण्यात उतरवणं अवघड झालं. क्लुआनी फर्स्ट नेशन या मूळ रहिवासी समाजाचं जगणं पिढ्यान् पिढ्या या तळ्याशी आणि त्यातल्या माशांशी जोडलेलं आहे.

कोरड्या पात्रातला बारीक गाळ वाऱ्यानं उडतो. धुळीचे लोट अलास्का महामार्गापर्यंत येतात. तळ्याची पातळी उत्तरेकडच्या निचऱ्याच्या तोंडाखाली गेली, तर त्यातून पाणी बाहेर पडणंच थांबेल, असा इशाराही शास्त्रज्ञांनी दिलाय.

फायदा झाला तो आल्सेकला. तिचं पाणी वाढलं.

भारतानं यातून काय घ्यायचं?

७ फेब्रुवारी २०२१ ला उत्तराखंडमधल्या चमोलीत खडक आणि बर्फाचा प्रचंड कडा कोसळला. २०० हून अधिक लोक मृत किंवा बेपत्ता झाले, दोन जलविद्युत प्रकल्पांची वाताहत झाली. त्या दुर्घटनेच्या आंतरराष्ट्रीय अभ्यासाचं नेतृत्वही डॅनियल शुगर यांनीच केलं होतं. चमोलीत जे घडलं ते नदीचौर्य नव्हतं, दोन्ही घटनांची कारणं वेगळी आहेत. पण उंचावरच्या बर्फात होणारे बदल खालच्या खोऱ्यात किती वेगानं पोहोचतात, हे दोन्हीकडे दिसलं.

धरण, पूल, वीज प्रकल्प, पाणीवाटपाचे करार हे सगळं नदी आज जिथं आहे तिथंच राहील, असं धरून होतं. स्लिम्सच्या काठी जीवितहानी झाली नाही, कारण तिथं वस्ती विरळ आहे. हिमालयातल्या नद्यांवर कोट्यवधी लोक अवलंबून आहेत. तिथं प्रकल्प आखताना नदीच्या पात्राइतकंच वरच्या बर्फाच्या टोकाकडेही लक्ष ठेवावं लागेल.