म्हाताऱ्यांचे दात सामाजिक न्यायात बसत नाहीत का?



दिवाळी झाली की गेवराई तालुक्यातले कोयते कारखान्याच्या वाटेला लागतात. उमापूर काय किंवा शेजारची गावं काय, वस्तीत मागे उरतात नातवंडं आणि म्हातारी माणसं. पोरांना भाकरी थापून घालणारी आजी स्वतः मात्र ती चहात भिजवून गिळते. आपण म्हणतो, वय झालं. नुसत्या वयाने दात पडत नाहीत. ते पडतात हिरड्यांच्या रोगाने, किडीने, तंबाखू-मशेरीने आणि वेळेवर उपचार न मिळाल्याने. उपचार कोणाला मिळत नाहीत, ते जातीला आणि खिशाला विचारा.

हे दुखणं तोंडापुरतं राहत नाही. हिरडीत पू आणि सूज राहिली की रक्तातली साखर आटोक्यात येत नाही आणि साखर वाढली की हिरडी आणखी बिघडते. हिरड्यांवर नीट उपचार झाले तर साखरही काहीशी उतरते. पण मधुमेहाची गोळी लिहून देताना तोंड उघडून बघणारा डॉक्टर तुमच्या आजोबांना कधी भेटला? (बाबासाहेबांनाही अखेरच्या वर्षांत मधुमेहाने छळलं होतं.) अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या अस्वच्छ तोंडातले जंतू फुप्फुसात उतरले तर न्यूमोनिया होतो. चावता येत नाही म्हणून शेंगदाणे, मटकी, काकडी ताटातून जातात. मग अशक्तपणा, मग सलाईन.

केंद्राच्या २०१७ च्या राष्ट्रीय वयोश्री योजनेत दारिद्र्यरेषेखालच्या वृद्धांसाठी कवळी आहे. राज्याने २०२४ मध्ये मुख्यमंत्री वयोश्री योजना काढली. ६५ वर्षांवरच्यांना एकदाच ३००० रुपये. चष्मा, श्रवणयंत्र, व्हीलचेअर, कमोड खुर्ची, कंबरेचा पट्टा, सगळ्यांची नावं त्यात घेतली. कवळीचं नाव नाही. खातं कोणतं? सामाजिक न्याय! संविधानाचं कलम ४१ म्हातारपण आणि आजारपण या दोन्हींत सरकारी साहाय्य सांगतं. ते या खात्याला कोणी वाचून दाखवायचं?

कुणी म्हणेल, दात हा काय चळवळीचा विषय? ज्या पिढीने मोर्चे काढले, नामांतरासाठी मार खाल्ला, तिला आज भाकरी चावता येत नाही. विषय आणखी कोणता हवा?

१४ एप्रिलला डीजेवर जाणाऱ्या पैशातून दंततपासणी ठेवा, पण तेवढ्यावर थांबू नका. शिबिरात दात उपटून मिळतो, कवळी मिळत नाही. वस्तीतल्या म्हाताऱ्यांची यादी करा. राज्याच्या योजनेत कवळी घ्या आणि गावच्या आरोग्य केंद्रात आठवड्यातून एक दिवस दंतवैद्य पाठवा, असा ठराव ग्रामसभेत मांडा. त्यांच्या सह्या-अंगठ्यांसह तो बीडच्या समाजकल्याण कार्यालयात आणि जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागात द्या. पोच घ्यायला विसरू नका.