फराळाचे ताट आणि करिंथकरांस पत्र

दिवाळीत शेजारच्या घरून आलेल्या ताटातली करंजी ख्रिस्ती माणसाने खावी की नाही? प्रश्न ऐकून हसू येईल. पण आमच्याकडे तो हल्ली फार गंभीर चेहऱ्याने विचारला जातो, आणि उत्तर देणारी मंडळी दोन्ही बाजूंनी हट्टाला पेटत चालली आहेत.

आमचे मालेगाव वाशीम जिल्ह्यातले, नाशिककडचे नव्हे. ख्रिस्ती घरे येथे थोडी. अख्ख्या महाराष्ट्रात तरी किती? २०११ च्या जनगणनेत पावणेअकरा लाखांच्या आसपास, म्हणजे शंभरात पुरता एकही नाही. अशा माणसाला आपली श्रद्धा पाळायची ती दुसऱ्यांच्या ओसरीवर आणि दुसऱ्यांच्या सणांतच.

आधी घरच्यांशी भांडतो. आमच्यातले काही उपदेशक सांगतात की दिवाळीचा फराळ म्हणजे मूर्तीला वाहिलेले अन्न, त्याला शिवू नका. या उपदेशाचे फळ मी शाळेत पाहिले. सहावीतल्या एका मुलाने सोबत्याने पुढे केलेला चिवड्याचा डबा “आमच्यात चालत नाही” म्हणून परत सारला. सोबत्याने काही न बोलता डब्याचे झाकण लावले आणि दुसऱ्या दिवशी बाक बदलला. दोघेही अकरा वर्षांचे!

या उपदेशकांना माझा सवाल आहे : पौलाचे करिंथकरांस पहिले पत्र आपण वाचले आहे ना? दहावा अध्याय काढा. करिंथच्या बाजारातले मांस पुष्कळदा कुठल्या ना कुठल्या देवळातून आलेले असे. पौलाच्या सांगण्याचा भाव असा, की परधर्मीयाने जेवायला बोलावले आणि जावेसे वाटले, तर जा, पुढे येईल ते खा, चौकशा करीत बसू नका. मात्र कोणी मुद्दाम सांगितले की हा नैवेद्य आहे, तर खाऊ नका. आणि तेही त्या सांगणाऱ्याचा विचार करून. सुमारे साडेएकोणीसशे वर्षांपूर्वी इतका बारीक विवेक करून ठेवलेला असताना करंजी आणि प्रसाद यांतला भेद आमच्या व्यासपीठावर कळू नये? आणि गंमत अशी, की नाताळात याच मंडळींच्या घरी करंज्या, अनारसे आणि शंकरपाळेच तळले जातात. तो फराळ काय जेरुसलेमहून येतो?

आता दुसरी बाजू. ही मंडळी गोड बोलतात, म्हणून त्यांच्याशी भांडणे अधिक अवघड. “गुरुजी, सारे देव सारखेच. घ्या प्रसाद!” मी हात जोडून नाही म्हटले, की चेहरा उतरतो. सारे सारखेच असेल तर माझ्या नकाराने एवढे काय बिघडते? या ‘सारखेच’चा अर्थ पुष्कळदा ‘आमच्यासारखेच’ असा असतो, असे मला वाटू लागले आहे. आणि सारखेपणाने सलोखा येत असता, तर आमच्याच तालुक्यातल्या शिरपूरला अंतरिक्ष पार्श्वनाथाच्या मंदिराला कुलूप लागते ना. देव एक, तीर्थंकर एक, धर्म एक. तरी दिगंबर आणि श्वेतांबर या दोन पंथांच्या वादात ते मंदिर चाळीस वर्षांवर बंद राहिले आणि २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर उघडले.

‘परकीय धर्म’ म्हणणाऱ्यांसाठी मी फार शाई खर्चणार नाही. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला आणि ख्रिस्ताची भक्ती अभंगात गायिली. आमच्या उपासनेत ती पदे आजही म्हटली जातात. त्याच टिळकांनी १९१७ साली साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले ख्रिस्तभक्त एकत्र बसावेत, अशी त्यामागची कल्पना. दोन वर्षांतच ते वारले. त्यानंतर शंभर वर्षे उलटली, तरी २०१९ साली फादर फ्रान्सिस दिब्रिटो साहित्य संमेलनाचे अध्यक्ष निवडले गेले तेव्हा ‘धर्मगुरू कसा चालेल?’ अशी ओरड झालीच. मराठीत अख्खे बायबल उतरविणाऱ्या माणसाला हा प्रश्न! २०२० च्या जानेवारीत उस्मानाबादला संमेलन झाले, दिब्रिटो अध्यक्षस्थानी बसले आणि मराठी भाषेला काही इजा झाली नाही.

मला कोणी सांभाळून घ्यावे, अशी माझी मागणी नाही. माझा नकार ऐकून घ्यावा, एवढीच आहे. आणि माझ्या घरी येऊन तितक्याच मोकळेपणाने मला नकार द्यावा. नाताळच्या संध्याकाळी मी प्रार्थना म्हणतो तेव्हा शेजारी हात जोडतील अशी माझी अपेक्षा नसते. ते डोळे उघडे ठेवून बसले तरी चहा तोच मिळतो.

आमच्या आळीत एका घरापुरते हे जमले आहे. लक्ष्मीपूजनाला त्यांचे बोलावणे येते. आरती सुरू झाली की मी इतरांबरोबर उभा राहतो, टाळी वाजवीत नाही. तबक फिरत येते, ते वहिनी माझ्यापुढून सरळ पुढच्या माणसाकडे नेतात. पहिल्या वर्षी त्यांनी विचारले होते, “गुरुजी, तुमच्यात चालते काय जी हे?” मी म्हटले, “हे नाही चालत, वहिनी. पण आत चकल्या तळल्याचा वास येतो आहे, त्या चालतात.” आता त्या विचारीत नाहीत. चकल्यांची ताटली मात्र आधी माझ्यापुढे येते.