मोतीबिंदू काढला, पण पडद्याचे काय?

साठी उलटलेल्या माणसाला नीट दिसेनासे झाले, की आपल्या चाकूर तालुक्यात घरोघरी एकच निदान होते : 'मोतीबिंदू असेल, पिकला की काढू.' १९७६ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रमामुळे ही शस्त्रक्रिया खेड्यापाड्यांत पोचली, हे मोठेच काम झाले. पण मोतीबिंदू हा भिंगाचा विकार. भिंगामागच्या पडद्याकडे कोण पाहणार?

हा पडदा जेमतेम पाव मिलिमीटर जाडीचा. वयानुसार त्यातील पेशी कमी होतात व अंधुक उजेडात कमी दिसू लागते. हे नैसर्गिक आहे. परंतु पडद्याचा मध्यभाग, म्हणजे पीतबिंदू, खराब झाला तर सरळ रेषा वाकड्या दिसतात, समोरच्याचा चेहरा पुसट होतो. बिडी-सिगारेटने हा धोका वाढतो. रक्तवाहिन्या पाझरत असतील, तर वेळेवर डोळ्यात इंजेक्शन देऊन नजर वाचवता येते. उशीर झाल्यास गेलेली नजर सहसा परत येत नाही.

म्हणून माझे स्पष्ट मत आहे, की नेत्रशिबिरात थेंब टाकून पडदाही तपासलाच पाहिजे. घरच्यांनी आजी-आजोबांना एकेक डोळा झाकून, चष्मा लावून, खिडकीचे गज पाहायला सांगावे. गज वाकडे दिसले, तर मोतीबिंदू पिकण्याची वाट न पाहता त्याच आठवड्यात लातूरला नेत्रतज्ज्ञांकडे न्यावे.